रुग्णालयाच्या दारातली १३ मिनिटे

मगरिबच्या अजानला दहा-पंधरा मिनिटे उरली की मोहल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यांना वेगळीच गती येते. स्कूटरच्या हँडलला खजूर आणि फळांची पिशवी, मागे बसलेल्या पोराच्या हातात गरम भज्यांचा पुडा. कोणी दुकानाचे शटर ओढून निघालेला, कोणी पाळी संपवून, कोणी लोकलमधून उतरून शेअर रिक्षात कोंबलेला. सगळ्यांना एकाच वेळी घरी पोहोचायचे असते. चौकातल्या वाहतूक पोलिसाला हे वेळापत्रक तोंडपाठ असते. कुठे कुठे मोहल्ल्यातली मुले सिग्नलला थांबलेल्यांच्या हातावर खजूर आणि पाण्याचा ग्लास ठेवतात. एखादा खजूर त्या पोलिसाच्या हातातही पडतो. कधी तो पोलीसच रोजेदार असतो. शिट्टी खिशात टाकायची, चौकीच्या आडोशाला दोन घोट पाणी प्यायचे आणि पुन्हा रस्त्यावर यायचे, एवढाच त्याचा इफ्तार.

या घाईचे पोलिसाला फारसे कौतुक नसते, आणि ते बरोबरच आहे. रोजा रस्त्यातही सोडता येतो. खिशात एक खजूर असला तरी पुरतो. भजी गार होतील म्हणून लाल दिवा ओलांडायचे कारण नाही, आणि सुकलेल्या घशाने, दिवसभराच्या थकव्यात गाडी पळवणे याला कोणी सब्र म्हणणार नाही. मशिदीतून दर रमजानला हे सांगितले जाते आणि दर रमजानला कोणीतरी ऐकत नाही.

पण त्याच गर्दीत एखाद्याची घाई वेगळी असते. त्याला फोन आलेला असतो. पलीकडून फार काही सांगितलेले नसते, फक्त ‘लवकर या’ एवढेच. गाडीत रुग्ण नाही, तो रुग्णालयात आहे. गाडीत आहेत त्याचा मुलगा, सून, जावई, भाऊ. त्यांच्याकडे सायरन नाही, गाडीवर लाल-निळा दिवा नाही, काचेला कुठला कागद चिकटवलेला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही गाडी आणि भज्यांचा पुडा घेऊन पळणारी गाडी सारखीच दिसते. फरक कळतो तो थांबवल्यानंतर, काच खाली आल्यावर, आणि तोही समोरच्याला पाहायचा असेल तर.

अशा थांबवण्याची जगभर गाजलेली घटना अमेरिकेतली आहे. तिला १५ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी पोलिसाने काय करायला हवे होते हा प्रश्न निघाला की तिची आठवण निघतेच. कारण त्या रात्री जे घडले ते पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात आवाजासकट टिपले गेले होते. नंतर कोणाला ‘असे झालेच नाही’ म्हणता आले नाही.

१८ मार्च २००९ ची ती मध्यरात्र. टेक्सास राज्यातले डॅलस शहर. रायन मोट्स हा अमेरिकन फुटबॉल खेळणारा व्यावसायिक खेळाडू तेव्हा ह्यूस्टन टेक्सन्स संघात होता. त्याची सासू स्तनाच्या कर्करोगाने शेजारच्या प्लेनो शहरातल्या रुग्णालयात होती. वय अवघे ४५. शेवटची वेळ जवळ आल्याचा निरोप घरी आला आणि मोट्स, त्याची पत्नी आणि घरातली दोन वडीलधारी माणसे गाडीत बसून निघाली. वाटेत एका सिग्नलला दिवा लाल होता. मोट्सने गाडीचे चारही इंडिकेटर लावले होते. तो थांबला, आडव्या रस्त्यावर मोकळीक दिसली तसा पुढे निघाला. एका गस्तीच्या गाडीने ते पाहिले आणि दिवे लावून पाठलाग सुरू केला. मोट्स वाटेत थांबला नाही, थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागासमोर जाऊन थांबला.

मागून उतरलेला पोलीस अधिकारी २५ वर्षांचा होता. त्याने पिस्तूल बाहेर काढले होते. गाडीतल्या दोन्ही स्त्रियांना त्याने परत आत बसायला सांगितले. मोट्सच्या पत्नीने ऐकले नाही. आई मरते आहे, एवढे सांगून ती आणि तिच्यासोबतची वयस्कर नातेवाईक सरळ दारातून आत गेल्या. मोट्स मात्र थांबला, आणि घरातले वडीलधारे गृहस्थही त्याच्याबरोबर बाहेर राहिले.

इथून पुढची सुमारे १३ मिनिटे चित्रफितीत आहेत. मोट्स सांगतो की सासू आत शेवटचे श्वास घेते आहे. अधिकारी विम्याचा कागद मागतो. घाईत कागद सापडत नाही. मोट्स म्हणतो, दंड लावायचा तो लावा, पण आत जाऊ द्या. अधिकारी त्याला वागणूक सुधारायला सांगतो, गाडी उचलून नेण्याची आणि अटकेची धमकी देतो, आपण मनात आणले तर तुझी रात्र किती कठीण करू शकतो हे ऐकवतो. रुग्णालयाचे सुरक्षारक्षक येऊन सांगतात. आतून परिचारिका निरोप घेऊन येते की वेळ उरलेली नाही. प्लेनो शहराच्या पोलिसांपैकी एक जण, म्हणजे स्वतः पोलीसच असलेला माणूस, येऊन तेच सांगतो. अधिकाऱ्याचे उत्तर एवढेच की काम होतच आले आहे. मग तो लाल दिवा ओलांडल्याची पावती लिहितो, मोट्सला कायद्याची जाणीव करून देतो आणि सोडतो.

मोट्स आत पोहोचला तेव्हा सासू गेलेली होती.

आठवड्याभरात चित्रफीत बाहेर आली. डॅलसचे तेव्हाचे पोलीसप्रमुख डेव्हिड कंकल यांनी उघडपणे माफी मागितली. आपल्या अधिकाऱ्याने तारतम्य दाखवले नाही, दया दाखवली नाही, साधी समजही दाखवली नाही, असे त्यांनी स्पष्टच सांगितले. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. मोट्सने एकदाही ‘मी कोण आहे माहीत आहे का’ असे म्हटले नव्हते. आपल्याकडच्या नाक्यांवर दिवसातून दहा वेळा ऐकू येणारे हे वाक्य एका प्रसिद्ध खेळाडूच्या तोंडून त्या रात्री निघाले नाही, हे वाचताना थांबायला होते. पावती रद्द झाली. अधिकाऱ्याने माफी मागितली आणि १ एप्रिलला राजीनामा दिला.

या घटनेतली खरी बोचणी अशी की अधिकाऱ्याने कोणताही नियम मोडला नव्हता. दिवा लाल होता, गाडी गेली होती. गाडी पाठलागानंतरही थांबली नव्हती, तेव्हा त्याने सुरुवातीला सावध राहणे समजण्यासारखे होते. रात्रीच्या वेळी न थांबणारी गाडी पोलिसाला काय वाटेल, हे त्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पहिले एक-दोन मिनिट त्याच्या बाजूने सोडून द्यावे. पण गाडी रुग्णालयाच्या दारात उभी आहे, गाडीतल्या बायका आपत्कालीन विभागात धावल्या आहेत, परिचारिका स्वतः येऊन सांगते आहे, दुसरा पोलीस साक्ष देतो आहे, इतके सगळे झाल्यावर खरे-खोटे तपासायचे काय उरले होते? मोट्स कुठे पळून जाणार होता? गाडीचा क्रमांक समोर होता, माणूस समोर होता. पावती अर्ध्या तासाने लिहिली असती तरी तिच्यावरचा दंडाचा आकडा तोच राहिला असता.

आपल्या कायद्याने रुग्णाचा विचार केलेला आहे, हे मान्य करायला हवे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यात कलम १९४-ई आले. रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न देणाऱ्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच दुरुस्तीत कलम १३४-ए आले. अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याच्या मागे कोर्टकचेरी लागू नये, अशी तरतूद त्यात आहे. त्याआधी ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतगारांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले होते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. अवयवदानासाठी हृदय किंवा यकृत न्यायचे असेल तर पोलीस एका शहरातून दुसऱ्या शहरापर्यंत रस्ता मोकळा करून देतात. या सगळ्याच्या मध्यभागी रुग्ण आहे.

रुग्णाच्या उशाशी पोहोचू पाहणारा मात्र कुठल्याच कलमात नाही. तसा तो असणेही कठीण. ‘नातेवाईक अत्यवस्थ असल्यास सिग्नल ओलांडावा’ असा नियम कोणी लिहिणार नाही, लिहूही नये. त्यामुळे हा माणूस पूर्णपणे समोरच्या पोलिसाच्या हवाली असतो.

आणि शेवटच्या भेटीला आपल्या समाजात काय मोल आहे, हे कोणाला सांगायला नको. मुसलमानाच्या घरात जाणाऱ्या जिवाजवळ बसून हळू आवाजात कलमा म्हणायचा असतो, म्हणजे त्याच्या कानावर शेवटचे तेच शब्द पडतील. ओठ ओले करायचे असतात. हजहून आणलेले जमजमचे पाणी कित्येक घरांत छोट्या बाटलीत याच दिवसासाठी जपलेले असते. राहिले-साहिले, बोलले-चालले माफ करून घ्यायचे असते. ‘कहा-सुना माफ’ हे चार लोकांत सहज म्हटले जाते, पण त्याची खरी जागा ती उशाजवळची. शेजारच्या हिंदू घरात तुळशीपत्र आणि गंगाजल असते, ओढ तीच असते. मुलगा पोहोचला की नाही, हे मग वर्षानुवर्षे घरात बोलले जाते. न पोहोचलेल्याला ते आयुष्यभर पुरते.

पोलिसाची बाजूही ऐकायला हवी, नाहीतर हा सगळा विषय नुसता हळवा होईल. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही हवालदाराला विचारा, दिवसाला किती जणांची आई आजारी असते. हेल्मेट नाही, लायसन घरी राहिले, तिघे बसले आहेत, आणि प्रत्येकाला दवाखान्यातच जायचे असते. औषधाची जुनी चिठ्ठी पाकिटात बाळगणारेही असतात. इतके खोटे ऐकल्यावर खऱ्याचा आवाजही खोटाच वाटू लागतो. बारा-बारा तास धुरात आणि उन्हात उभे राहिलेल्या माणसाकडून प्रत्येक वेळी ताजी करुणा मागणे सोपे नाही. त्यात वरून केसेस वाढवा असा दट्ट्या असतो. दुसरीकडे ‘सोडून देणे’ या शब्दालाच आपल्याकडे वास लागलेला आहे. पोलिसाने कोणाला सोडले की बघणाऱ्याच्या मनात पहिला विचार तोडपाणीचा येतो. प्रामाणिक पोलीस याच धास्तीने कडक राहतो. सोडले तर विकला गेला म्हणतील, पावती फाडली तर निदान कागद हातात राहतो.

आणि घाईत पळणाऱ्या गाडीखाली दुसऱ्याच्या घरचे माणूस येऊ शकते, ही गोष्टही खरीच. आपल्या दुःखाने दुसऱ्याच्या जिवावर हक्क मिळत नाही. म्हणून सिग्नलवर कोणीही कसेही सुटावे, अशी मागणी इथे नाही.

मग तारतम्य म्हणजे नेमके काय? रमजानच्या महिन्यात या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. रोजा फर्ज आहे, त्यात सूट नाही. तरीही रोज्याचा हुकूम सांगणाऱ्या ‘अल-बकरा’ या सूरहच्या आयतींत लगेच आजारी माणसाचा आणि मुसाफिराचा उल्लेख येतो. त्यांनी आता रोजा ठेवला नाही तरी चालेल. तेवढेच रोजे त्यांनी नंतरच्या दिवसांत पूर्ण करावेत. ज्याला कधीच शक्य नाही त्याने गरिबाला जेवू घालावे. म्हणजे बरा होणाऱ्या आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा माफ झालेला नाही, फक्त त्याची वेळ पुढे गेली आहे. हिशेब कायम आहे आणि तो चुकता करायचा आहे, पण आजच्या अडचणीवर पाय देऊन नाही. सवलत नियमाच्या बाहेरून आलेली नाही, नियमाच्याच पोटात आहे.

हदीसमध्ये एक लहानशी गोष्ट आहे, ती या संदर्भात आठवावी अशी आहे. पैगंबर हजरत मुहंमद (स.) जमातला नमाज पढवायला उभे राहत. नमाज सावकाश, लांब करावी असे मनात असे. मागच्या रांगांत बायकाही असत, त्यांची मुलेही असत. एखादे मूल रडू लागले की ते नमाज आटोपती घेत, कारण मुलाच्या रडण्याने त्याच्या आईचा जीव कसा कासावीस होत असेल हे त्यांना जाणवे. नमाज त्यांनी सोडली नाही, मध्येच थांबवलीही नाही. लांबी कमी केली. त्या बाईने काही मागितले नव्हते. मागून आलेला आवाज त्यांनी ऐकला, एवढेच. डॅलसच्या त्या अधिकाऱ्याच्या कानावर तर परिचारिकेपासून सहकाऱ्यापर्यंत सगळ्यांचे शब्द पडत होते.

आपल्या वाहतूक नियमांतही ‘नंतर’ला जागा आहे, फक्त रस्त्यावर ती कोणाला आठवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या मूळ नियम १३९ मध्ये, मागितल्यावर कागदपत्र जवळ नसेल तर ते १५ दिवसांत सादर करण्याची मुभा होती. मोबाइलमधली डिजिलॉकरची प्रत तर आता ग्राह्यच आहे. शिवाय आज महाराष्ट्रात दंडाची पावती हातात देण्यासाठी कोणाला रस्त्यात उभे करून ठेवावेच लागत नाही. हातातल्या यंत्रावर गाडीचा क्रमांक आणि फोटो घेतला की ई-चलान तयार होते, मालकाच्या मोबाइलवर संदेश जातो. घरात मयत झाले असले तरी चलान घर शोधत येते. २००९ च्या डॅलसमध्ये पावतीपुस्तक होते. आजच्या पोलिसाकडे कायदा पाळून माणसाला ३० सेकंदांत पुढे जाऊ देण्याची सोय आहे. ‘कोणत्या रुग्णालयात? कोण आहे? जा, सावकाश जा’ एवढे विचारून आणि सांगून होते. क्रमांक टिपलेला असतोच. गोष्ट खोटी निघाली तर माणूस हाताशी आहे, खरी निघाली तर त्या चलानविरुद्ध तक्रार करता येते किंवा लोकअदालतीत ते मिटवता येते. शंका असेल तर दोन गल्ल्यांवरच्या रुग्णालयापर्यंत मोटरसायकलने मागे जाता येते. यात दिवा लाल होता हे कोणी नाकारत नाही.

हे ‘आधी जाऊ द्या, मग बघू’ न झाल्यावर काय होऊ शकते, ते मे २०२५ मध्ये कर्नाटकातल्या मंड्या शहरात दिसले. तीन वर्षांच्या एका मुलीला कुत्रा चावला होता. आई-वडील तिला मोटरसायकलवरून मंड्याच्या रुग्णालयात नेत होते. वाहतूक पोलिसांच्या हेल्मेट तपासणीत त्यांची गाडी अडवली गेली. त्या गडबडीत गाडीवरचा तोल गेला, आईच्या मांडीवरची मुलगी रस्त्यावर पडली आणि मागून आलेल्या ट्रकखाली सापडली. आई-वडील रस्त्यातच तिला घेऊन बसले होते. लोक जमले, रस्ता बंद झाला, तीन सहायक उपनिरीक्षक निलंबित झाले. राज्याच्या पोलीसप्रमुखांनी नंतर सूचना काढल्या. डोळ्यांना दिसणारा नियमभंग नसताना निव्वळ कागद तपासायला गाडी थांबवू नये, अचानक आडवे येऊ नये, गाडीची किल्ली काढून घेऊ नये, असे त्यात होते. हेल्मेटचा नियम डोक्याच्या रक्षणासाठी आहे. मुलीच्या वडिलांनी ते घातले नव्हते, ही त्यांची चूकच. पण त्या चुकीचे चलान दवाखान्याच्या दारातही करता आले असते.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत, आणि ती अमेरिकेत शोधायला नकोत. १७ जून २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी मेट्रोच्या उद्घाटनासाठी बंगळुरूत आले होते. त्यांचा ताफा राजभवनाकडे निघाला होता. ट्रिनिटी सर्कलला एम. एल. निजलिंगप्पा हे वाहतूक शाखेचे उपनिरीक्षक बंदोबस्ताला होते. गर्दीतून एक रुग्णवाहिका वाट काढते आहे, हे त्यांना दिसले. राष्ट्रपतींच्या ताफ्यासाठी काय करायचे, याचे नियम देशात सर्वांत कडक. एका उपनिरीक्षकाने त्यात स्वतःच्या डोक्याने बदल करावा, अशी अपेक्षा कोणीच करत नाही. निजलिंगप्पांनी ताफा थांबवला आणि रुग्णवाहिकेला आधी जाऊ दिले. चुकले असते तर नोकरीवर आले असते. वरिष्ठांनी त्यांचे कौतुक केले, बक्षीस जाहीर झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये हैदराबादच्या आबिद्स ते कोठी या तुंबलेल्या रस्त्यावर एका वाहतूक हवालदाराने जवळपास दोन किलोमीटर रुग्णवाहिकेपुढे धावत गाड्या बाजूला करवल्या. ती चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. ड्युटी त्याची एका चौकापुरती होती. पुढचा चौक दुसऱ्याचा होता.

मात्र एक गोष्ट इथे दाबून ठेवण्यात अर्थ नाही. तारतम्य पोलिसाच्या नजरेवर सोपवले की ती नजर कोणाला आपले मानते आणि कोणाला परके, हा प्रश्न येतोच. डॅलसमध्ये मोट्स कृष्णवर्णीय होता आणि अधिकारी गोरा, त्यामुळे तिथेही तो प्रश्न विचारला गेला. आपल्याकडे नाकाबंदीत टोपी-दाढीवाला, झोपडपट्टीचा पत्ता सांगणारा, खेड्यातून आलेला आणि मराठी धड न बोलणारा, यांना हा अनुभव नवा नाही. मोटारीतल्या साहेबाची आई आजारी असते आणि रिक्षावाल्याची आई बहाणा असते. ओळखीच्या आडनावाला सोडायचे आणि बाकीच्यांकडून आरसी बुक मागायचे, ही मेहेरबानी झाली, आणि मेहेरबानीचा भाव ठरलेला असतो. म्हणूनच ‘जा, चलान नंतर’ ही पद्धत सर्वांसाठी सारखी, लिहून ठेवलेली असेल तर बरे. मग सोडणाऱ्या पोलिसावर तोडपाणीचा संशय येणार नाही आणि अडकलेल्याला आपले नाव सांगायची भीती वाटणार नाही. प्रशिक्षणात कवायत आणि कलमे शिकवतात. समोरच्या माणसाच्या आवाजातला कंप ओळखण्याचा एक तास त्यात बसवायला काही हरकत नसावी.

ज्याच्यावर वेळ येईल त्यानेही काही गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. रुग्ण गाडीत असेल तर शक्यतो १०८ ला फोन करावा, स्वतः गाडी पळवू नये. जीव टांगणीला लागलेला असताना शक्य असेल तर दुसऱ्याला चालवू द्यावे. अडवले तर इंजिन बंद करावे, आवाज चढवू नये. रुग्णालयाचे नाव, वॉर्ड, रुग्णाशी नाते एका दमात सांगावे. आलेला फोन दाखवावा, तिथल्या नातेवाइकाला फोन लावून द्यावा. गाडीचा फोटो घ्या, दंड लावा, असे आपणहून म्हणावे. आणि सोबत कोणी असेल तर त्याला पुढे पाठवून द्यावे.

डॅलसमध्ये नेमके हेच झाले म्हणून थोडे तरी वाचले. अधिकाऱ्याचे न ऐकता आत गेलेली मोट्सची पत्नी आईच्या शेवटच्या क्षणी तिच्याजवळ होती. बाहेर गाडीपाशी तिचा नवरा विम्याचा कागद शोधत होता.